बारा तासांची पाळी

पहिलं गाणं टेपवर उतरलं आणि टोनी आयोमीची गिटार मुकी झाली. पांढरी फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती ती. तिचं पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत उतरवणारं चुंबक आणि त्याभोवतीचं वेटोळं, ऐन वेळी गेलं. दुरुस्तीला सवड नव्हती. स्टुडिओ मोजक्या वेळापुरता घेतलेला, पैसे त्याहून मोजके. अडीअडचणीला असावी म्हणून सोबत एक गिब्सन एसजी आणलेली होती. आयोमीनं ती गळ्यात अडकवली आणि उरलेला सगळा अल्बम तिच्यावर वाजवला. पुढे जगानं ज्याला हेवी मेटलचा आवाज म्हणून ओळखलं, तो असा राखीव गिटारीतून निघाला. फिडल वाजवणाऱ्या माकडाचं एक स्टिकर त्या गिटारीवर होतं, त्यामुळे तिचं नावच पुढे ‘मंकी’ पडलं.

हे घडलं 1969 च्या हिवाळ्याच्या तोंडावर, लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत. अ‍ॅस्टनहून आलेली चार पोरं होती. अ‍ॅस्टन हा बर्मिंगहॅमचा कामगारवस्तीचा भाग. आयोमी आणि ड्रम वाजवणारा बिल वॉर्ड एकवीस वर्षांचे, गायक ऑझी ऑझबॉर्न आणि बेस वाजवणारा गीझर बटलर वीस वर्षांचे. बँडचं नाव ब्लॅक सबाथ, आणि अल्बमचंही तेच. निर्माता रॉजर बेन, ध्वनिमुद्रक टॉम अ‍ॅलम. सहाएकशे पौंडांचा खर्च आणि साधारण बारा तासांचं काम. ऑझीला आवाज वेगळा राहावा म्हणून एका बाजूच्या खोलीत उभं केलं, बाकी तिघं एकत्र, आणि कार्यक्रमात वाजवायचे तसं वाजवत गेले. बहुतेक गाण्यांना दुसरी संधी मिळाली नाही. टेप मिसळण्याचं काम त्यांच्या पाठीमागे झालं. अल्बमवरच्या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला पाऊस, मेघगर्जना आणि देवळातल्या घंटेचा टोल ऐकू येतो, तो बेन आणि अ‍ॅलम यांनी मागाहून घातला. पोरं तोवर सामान गाडीत टाकून पुढच्या कार्यक्रमाला, स्वित्झर्लंडला निघालेली होती.

ही बारा तासांची गोष्ट रॉकचे चाहते चमत्कारासारखी सांगतात. मला ती चमत्काराची वाटत नाही, आणि म्हणूनच ती मला जास्त प्रिय आहे. बारा तास ही एक पाळी असते. ज्यांच्या घरात बाप रात्रपाळीला जातो आणि आई कारखान्यात उभी असते, त्या पोरांना सकाळी जायचं, दिलेलं काम पुरं करायचं आणि संध्याकाळी निघायचं, यात काही अद्भुत वाटायचं कारण नव्हतं. ऑझीचे वडील टूलमेकर होते, रात्रपाळी करायचे. आई लुकस कंपनीत मोटारीचे भाग करणाऱ्या विभागात होती. ऑझीनं स्वतः तिथे मोटारींचे हॉर्न तपासायचं काम केलं, म्हणजे दिवसभर हॉर्न वाजवून बघायचे. पुढे कत्तलखान्यात राबला, किरकोळ चोरीपायी तुरुंगातही जाऊन आला. बटलर आयरिश कॅथलिक घरातला, हिशेबनिसाच्या उमेदवारीतला. हाताला ऑफिसची नोकरी ठाऊक असलेला चौघांत तो एकटाच, आणि शब्द लिहिण्याचं कामही त्याच्याकडेच आलं. अ‍ॅस्टनमध्ये एचपी सॉसचा कारखाना होता, अ‍ॅन्सेल्सची दारूभट्टी होती, महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा होत्या. त्याच मोकळ्या जागांत ही पिढी खेळली.

त्या एका दिवसामागे किती दिवस होते हे पाहिलं की चित्र आणखी स्वच्छ होतं. 1968 मध्ये हे चौघं एकत्र आले, ब्लूज वाजवायला लागले. नाव होतं ‘अर्थ’. त्याच वर्षाच्या शेवटी आयोमीला जेथ्रो टल या नावारूपाला आलेल्या बँडचं बोलावणं आलं आणि तो गेला. रोलिंग स्टोन्सनी चित्रित केलेल्या ‘रॉक अँड रोल सर्कस’मध्ये तो टलबरोबर दिसतोही. थोड्याच दिवसांत तो परत आला. येताना तिथून एकच गोष्ट घेऊन आला : इयन अँडरसनच्या त्या बँडमध्ये, म्हणजे टलमध्ये, तालीम सकाळी लवकर सुरू होते. आता आपणही तसंच करायचं, असं त्यानं तिघांना बजावलं. कुणी उठलं नाही तर हा दारात जाऊन उठवायचा. मला या प्रसंगाचं फार मोल वाटतं. मोठ्या बँडमधली जागा सोडून आलेला एकवीस वर्षांचाही न झालेला मुलगा आपल्या मित्रांसाठी कसलं गुपित आणतो, तर वेळेवर उठण्याचं. पुढे हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये त्यांनी दिवसातून कितीतरी वेळा, तीनचार माणसांसमोरसुद्धा, तीच गाणी वाजवली. गाणी कमी आणि वेळ जास्त, म्हणून एकेक गाणं ताणत नेलं, मध्ये नवं काही सुचत गेलं. रीजंट साउंडच्या दारातून आत शिरताना अल्बम त्यांच्या हातात बसलेला होता. टेप फक्त फिरवायची होती.

हात म्हटला की आयोमीच्या उजव्या हाताकडे यावंच लागतं. तो डावखुरा. डाव्या हातानं तारा छेडायच्या, उजव्यानं दाबायच्या. सतरा वर्षांचा असताना, 1965 मध्ये, तो पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडत होता, आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा आता परत जात नाही म्हणाला. आईनं सांगितलं, काम अर्धं टाकायचं नाही, जा आणि दिवस पुरा कर. गेला. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, याला त्याच्या जागी उभं केलं. हे यंत्र त्यानं आधी कधी चालवलेलं नव्हतं. प्रेस खाली आली, आणि झटक्यात हात मागे ओढताना मधल्या आणि अनामिकेच्या टोकांचं मांस यंत्रातच राहिलं.

मी भोसरीत वाढलो. आमच्या मागच्या गल्लीत पत्र्याचे जॉब काढणाऱ्या छोट्या शेडी होत्या, दिवसभर पॉवर प्रेसचा धप्प धप्प असा आवाज घरात यायचा. प्रेसवर बोट जाणं हा आमच्याकडे बातमीचा विषय नव्हता. शेजारी एक काका राहायचे, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेलेली होती. त्याआधी ते एकादशीच्या भजनाला पखवाज वाजवायचे, असं माझी आई सांगायची. मी त्यांना वाजवताना कधी पाहिलं नाही. भजनाला यायचे, मागे भिंतीला टेकून बसायचे, ओठ हलवायचे. आयोमीची हकिकत मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आधी ते काका आठवले, मग गिटार आठवली. अजूनही तो क्रम तसाच आहे. त्यामुळे ‘बोटं तुटली म्हणून हेवी मेटल जन्मलं’ असं कुणी उत्साहानं लिहिलं की मला ते सोसत नाही. बोटं बर्मिंगहॅममध्ये असंख्यांची तुटली, भोसरीतही तुटली. तुटलेल्या बोटातून संगीत निघत नाही. अपंगत्वाला वरदान म्हणणारा माणूस बहुधा कधी प्रेससमोर उभा राहिलेला नसतो.

मग आयोमीच्या बाबतीत वेगळं काय झालं? एक माणूस त्याला भेटायला आला. कारखान्यातला त्याचा वरिष्ठ. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं होतं, मुलगा घरी सुन्न बसलेला होता. या माणसानं त्याच्या हातात एक रेकॉर्ड ठेवली आणि ऐक म्हणाला. आयोमीला काही ऐकायचं नव्हतं, तरी यानं ती लावायला लावली. रेकॉर्ड जँगो राइनहार्टची होती. जँगो हा जिप्सी जॅझ गिटारवादक. 1928 मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, त्यात डाव्या हाताची दोन बोटं जळून आखडली, आणि त्यानं उरलेल्या दोन बोटांनी वादनाची अशी पद्धत बसवली की धडधाकट हातांची माणसं आजही तिच्यामागे धावतात. वरिष्ठानं हे सांगितलं आणि तो गेला. ब्लॅक सबाथच्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर त्या माणसाचं नाव नाही, असायचं काही कारणही नव्हतं. पण अल्बम कुणी केला असं मला विचारलं तर मी चौघांच्या आधी त्याचं नाव घेईन. आमच्या काकांकडे असं कुणी आलं नाही. एका बोटावर तबला वाजवणाऱ्या कुणाची गोष्ट, एखादी कॅसेट, काहीही घेऊन कुणी आलं नाही.

आणि पुढचं काम आयोमीनं केलं ते संगीतकाराचं कमी आणि फिटरचं जास्त. भांडी घासायच्या द्रावणाची प्लॅस्टिकची बाटली, फेअरी लिक्विडची, त्यानं वितळवली आणि तिचा गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं त्यात बोट बसेल असं भोक पाडलं. सँडपेपरनं घासत घासत बोटाच्या आकारावर आणलं. नुसतं प्लॅस्टिक तारेवरून घसरायचं, म्हणून जुन्या जाकिटाचं चामडं कापून वर चिकटवलं आणि तारेला पकड येईपर्यंत ते घोटलं. ही टोपणं बोटांवर चढवून तो वाजवायला बसला. तार किती दाबली हे आता बोट सांगणार नव्हतं, ते कानानं ओळखायचं होतं. जाड तारा टोपणांना जुमानत नव्हत्या. बारीक तारांचा संच तेव्हा बाजारात मिळत नव्हता, म्हणून त्यानं बँजोच्या तारा आणून वरच्या जागी चढवल्या आणि बाकीच्या एकेक घर खाली सरकवल्या. मागणी तसा पुरवठा होईल याची वाट न बघता हाताशी असलेल्यातून जॉब काढणं, हे त्याला कारखान्यानंच शिकवलेलं होतं. ज्या कारखान्यानं बोटं घेतली त्याच कारखान्याचं शिक्षण इथे कामी आलं. यातून कारखान्याला काही सूट मिळावी असं मी म्हणत नाही.

या हातातून निघालेला आवाज अल्बमवर आहे. पुरी बोटं पसरून भरगच्च स्वरमेळ धरणं जमत नव्हतं, तेव्हा दोन सुरांचीच जोडी घ्यायची आणि तीच एवढी रुंद वाजवायची की पोकळी जाणवू नये. त्यासाठी त्याला जोरदार अ‍ॅम्प्लिफायर मिळाला तोही गावचाच. लेनी ही कंपनी बर्मिंगहॅममध्ये नुकतीच, 1967 मध्ये सुरू झालेली. आयोमीनं तारा ढिल्या करून आवाज खोल नेला तो पुढे, 1971 च्या तिसऱ्या अल्बमवर. पहिल्यावर तारा नेहमीच्या पट्टीतच आहेत. तरी तो जड वाटतो, कारण खाली बटलरचा बेस गिटारीच्या मागे न राहता तिच्या बरोबरीनं, तिच्याच वाटेनं चालतो. आणि वॉर्ड! त्याच्याबद्दल पुरेसं लिहिलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. तो जीन क्रुपासारखे बिगबँड जॅझचे ड्रमवादक ऐकत मोठा झाला. एवढ्या जड गिटारीखाली तो ठोकत बसत नाही, झुलतो. पुढच्या कितीतरी मेटल बँडांनी सबाथकडून वजन घेतलं, ते झुलणं मात्र मागे राहून गेलं.

अल्बमचं पहिलं गाणं, ज्याचं नावही ‘ब्लॅक सबाथ’, मला नेहमी आपल्या तंबोऱ्यापाशी आणून सोडतं. बटलर तालमीत गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला ‘मार्स’ हा भाग बेसवर वाजवून बघत होता, त्यातून आयोमीला हे तीन सूर सुचले. त्यातल्या पहिल्याला षड्ज धरलं तर दुसरा वरचा षड्ज, आणि तिसरा तीव्र मध्यम. तेवढंच. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात या अंतराला ‘सुरांमधला सैतान’ अशा अर्थाचं लॅटिन नाव आहे, आणि मध्ययुगात चर्चनं त्याच्यावर बंदी घातली होती, असं सबाथवरच्या जवळपास प्रत्येक लेखात सापडतं. बंदीच्या गोष्टीला पुरावा नाही. पण तो सूर तिकडच्या कानाला अस्वस्थ करतो हे खरं. आमच्या कानाचं तसं नाही. तीव्र मध्यमावाचून यमन उभा राहत नाही. आमच्याकडे मुलांना शिकवायला सुरुवात बऱ्याचदा यमननंच होते, म्हणजे हा सूर आमच्या बालपणातला. मारवा मात्र मला या गाण्याच्या जास्त जवळचा वाटतो. पंचम वर्ज्य, षड्जही लांबवून लांबवून दिलेला, सूर्य बुडतानाची हुरहूर. आयोमीचा तीव्र मध्यम पंचमाच्या कडेवर थरथरत राहतो आणि तिथे टेकत नाही. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला भीती वाटली नाही, सांजवेळ झाल्यासारखं वाटलं. सैतानाचं संगीत म्हणून ज्याची ख्याती, त्यात मला एका औद्योगिक गावाची संध्याकाळ ऐकू आली, आणि कितीही वेळा ऐकलं तरी तीच येते.

सैतानाचं प्रकरण बरंचसं वेष्टनावरचं. बँडनं ‘अर्थ’ सोडून नवं नाव घेतलं ते मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकाच्या 1963 च्या भयपटाच्या इंग्रजी नावावरून. लोक पैसे देऊन घाबरायला जातात, मग घाबरवणारं संगीत का करू नये, असा विचार होता. अल्बम व्हर्टिगो कंपनीनं 13 फेब्रुवारी 1970 ला काढला, शुक्रवार बघून. मुखपृष्ठावर टेम्सकाठची मेपलडरहॅमची पाणचक्की आणि तिच्यासमोर काळ्या झग्यातली बाई. कीथ मॅकमिलननं तो फोटो इन्फ्रारेड फिल्मवर घेतल्यामुळे झाडापानांना तो आजारी गुलाबी रंग आला. आतल्या पानावर उलटा क्रूस छापला, बँडला न विचारता. गाण्यात काय आहे? बटलरला रात्री खाटेच्या पायथ्याशी एक काळी आकृती दिसल्याचा भास झाला होता, त्यावरचं ते गाणं आहे. गाणारा घाबरून देवाचा धावा करतो. पुढे शापबिपाच्या वावड्या उठल्या तेव्हा ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात चौघांसाठी धातूचे क्रूस कापून दिले आणि चौघांनी ते गळ्यात घातले. लोकांनी त्या क्रुसांनाही भलताच अर्थ लावला. टूलमेकर बापानं पोराच्या रक्षणासाठी हातानं घडवलेली वस्तू होती ती. एवढा साधा, मायेचा अर्थ कुणाच्या मनात आला नाही.

समीक्षकांनी अल्बम झोडपला. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्जनं त्याला क्रीम या बँडची कमअस्सल नक्कल ठरवलं. लोकांनी तो विकत घेतला. ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत तेविसाव्या. माझ्या मते समीक्षकांची चूक कानाची नव्हती, ओळखीची होती. त्या काळच्या रॉकवर लिहिणाऱ्यांना फुलं, मुक्ती आणि सॅन फ्रान्सिस्को कळत होतं. पाळी कळत नव्हती. एकाच हालचालीची पुन्हा पुन्हा आवृत्ती, मध्येच गती बदलणं, सगळ्यांनी मिळून एकाच वेळी एकच घाव घालणं, यातली गोडी प्रेसचा आवाज अंगात मुरलेल्याला चटकन लागते.

5 जुलै 2025 ला या चौघांनी अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर शेवटचं वाजवलं. वीस वर्षांनी चौघं एकत्र. ऑझीला पार्किन्सन्स झालेला, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. चार गाणी झाली, त्यांतलं ‘एन. आय. बी.’ हे त्या 1969 च्या दिवसातलं. सतरा दिवसांनी ऑझी गेला. चॅनलवाल्यांनी ‘अंधाराचा राजपुत्र’ वगैरे मथळे दिले. मी त्या रात्री ‘द विझर्ड’ लावलं, ज्यात तो माउथऑर्गन वाजवतो. गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून वाजवावा तसा मोकळा, थोडा गबाळा, अगदी आनंदी आवाज आहे तो. हॉर्न तपासणाऱ्या पोराला शेवटी स्वतःचं काहीतरी फुंकायला मिळालं याचा आनंद त्यात आहे असं मी मानतो.

तरी या अल्बमवर मी सर्वांत जास्त वेळ ऐकलंय ते शेवटचं, ‘वॉर्निंग’. गाणं त्यांचं नाहीच, एन्सली डनबार या ड्रमवादकाच्या बँडचं. हॅम्बुर्गमध्ये ताणून ताणून त्यांनी त्याला आपल्या मापाचं केलं. दहा मिनिटांहून मोठं आहे. ब्रिटनच्या रेकॉर्डवर दुसरी बाजू त्यानं संपते. ज्या गाण्याच्या वेळी पांढरी गिटार मेली ते ‘विकेड वर्ल्ड’ तिकडच्या अल्बमवर घेतलंच नाही, ते आधी आलेल्या छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गेलं. ‘वॉर्निंग’च्या मध्यावर एक जागा येते. ड्रम आणि बेस थांबतात आणि आयोमी एकटा उरतो. कधी ब्लूज, कधी जॅझकडे झुकणारं काहीतरी, मधूनच एखादी तान अर्ध्यात सोडून दुसरीकडे वळणं. काही सूर पुरते दाबले गेलेले नाहीत. पुन्हा वाजवायची मुभा असती तर त्यानं ते दुरुस्त केले असते. मला ते तसेच हवे आहेत. टोपण चढवलेलं बोट तारेवरून सरकतं तेव्हाचा खरखरता स्पर्श तिथे ऐकू येतो असं मला वाटतं. इथे जँगो आहे, बाटली वितळवणारा मुलगा आहे, आणि दुपारच्या जेवणानंतर त्याला कामावर परत पाठवणारी आईसुद्धा आहे. मग वॉर्ड काठ्या उचलतो, बेस खाली येऊन मिळतो, आणि ऑझी गाण्याचं उरलेलं कडवं म्हणतो. त्यांना स्वित्झर्लंड गाठायचं होतं.